सासूबाईंनी लावलेल्या तारखा

माझ्या सासूबाई कॉम्प्युटर शिकल्या त्या माझ्या पाठीमागं उभ्या राहून. मी लातुरात, औसा रोडवरच्या आमच्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. माझं काम म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या आणि लांबच्या यंत्रानं त्या पाळल्या का ते बघायचं. माउसला माझा हात दिवसभर लागत नाही. नवऱ्याला या कामाचं कौतुक आहे, पण कुणी विचारलं तर तो ‘कॉम्प्युटरचं काम आहे’ एवढंच सांगून मोकळा होतो. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या सरकारी नर्स होत्या. निलंगा आणि औसा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर त्यांनी उभी नोकरी काढली होती, आणि समोरचा माणूस हातानं काय करतोय हे बारकाईनं बघायची त्यांना सवय होती.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी सगळं घर लावून काढलं. मग लावायला काही उरलं नाही. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, नवरा सकाळी दुकानावर जायचा, आणि दुपारभर घरात आम्ही दोघीच. एकदा त्या चहा घेऊन आल्या, कप माझ्यापुढं ठेवला आणि तिथंच थांबल्या.

“काय करून राहिलीस?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फाईल तयार करून राहिले. तिच्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, रिकामी आहे, म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या. रिकामी फाईल कशाला लागते ते मी त्यांना समजावून सांगितलं. पलीकडचा एक प्रोग्राम सुरू होताना ठरावीक नावाची फाईल आहे का एवढंच बघतो. असली तर पुढं जातो, नसली तर थांबतो. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

“खाटेला नंबर लावून चादर टाकून ठेवायची तसं,” त्या म्हणाल्या. “पेशंट मागून येतो.”

मी कॉलेजात शिकले तेव्हा इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, मला शिकव.

मी स्वतः हदगावकडची, कापूस आणि सोयाबीन करणाऱ्या घरातली. नांदेडला शिकायला गेले तेव्हा पहिल्यांदा काळ्या पडद्यासमोर बसले. बाकीच्या मुली चित्रांवर टिचक्या मारण्यात तरबेज होत्या. मला मात्र हा पडदा आवडला, कारण तो सगळ्यांना सारखाच नवा होता आणि त्याला माझ्या बोलण्याचा हेल ऐकू येत नव्हता. शब्द बरोबर लिहिला की काम होई, चुकला की काय चुकलं ते तो सांगे. तिथं मला कधी भीती वाटली नाही. त्यामुळं सासूबाईंना शिकवायचं म्हटल्यावर, हे त्यांना जमेल का, असा प्रश्न माझ्या मनातही आला नाही.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. आईला सोपं काहीतरी दे, माउस दे, फोटो बघता येतील असं काही दे, असं तो सांगत होता. तसं करूनही बघितलं. पडद्यावरचा बाण त्यांच्या हातात राहीना. त्यांनी माउस बाजूला सारला आणि म्हणाल्या, हे बुजलेल्या वासरासारखं पळतंय, मला ते लिहायचंच दे. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना साफ करून दिला. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या, आणि इंग्रजीवरून मराठीवर जायची कळ लाल नेलपॉलिशनं रंगवली.

पहिली आज्ञा मी त्यांना शिकवली ती टच. टी, ओ, यू, सी, एच, मग एक मोकळी जागा आणि मग फाईलचं नाव. त्या एका बोटानं एकेक कळ दाबत होत्या. पहिल्या वेळी मोकळी जागा सोडायची राहिली आणि पडद्यावर आलं की अशी आज्ञा सापडत नाही. मी पुढं सरसावले, तर त्यांनी हात आडवा केला. समजलं नाही म्हणतंय, बरोबर आहे, मीच जोडून लिहिलं, असं म्हणून त्यांनी पुन्हा सावकाश टाईप केलं. फाईल तयार झाली. नाव होतं ‘माहेर’.

यादी बघायची आज्ञा सांगितली तेव्हा ते नाव पडद्यावर दिसलं. पुढं आकार शून्य, त्याच्या पुढं तारीख.

त्यानंतर काही दिवस त्यांनी नुसत्या रिकाम्या फाइली केल्या. रोज दुपारी दोन-चार, नावात जास्त शब्द असले की अवतरणात घालून. ‘उदगीरचं ट्रेनिंग’, ‘पहिली बदली’, ‘कानडी बोलणारी शेजारीण’, ‘बैलगाडीतलं बाळंतपण’, ‘दवाखान्यातला साप’. नवऱ्यानं यादी बघितली आणि हसला. आत काहीच नाही की, म्हणाला. मला मात्र सासूबाईंचं काय चाललंय ते कळत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी अहवाल लिहिले, तक्ते भरले, पण ते सगळं सरकारनं आखून दिलेल्या चौकोनांत. स्वतःच्या आयुष्यातलं काय लिहायचं हे ठरवायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि त्या आधी खाटा मांडून घेत होत्या.

मग मी त्यांना फाईल उघडून लिहायचं आणि ठेवून बाहेर यायचं शिकवलं. ‘दवाखान्यातला साप’ त्यांनी एका दुपारीच लिहून टाकली. औषधांच्या कपाटामागं साप निघाला होता. शिपाई टेबलावर चढून बसला आणि लस टोचून घ्यायला आलेल्या एका आजीबाईनं साप काठीनं अलगद बाहेर नेऊन सोडला, असं ते होतं. वाक्यं छोटी होती, बोलतात तशीच. कुठं पूर्णविराम राहिलेला. वाचताना मला हसू आवरेना.

त्यांना एक गोष्ट मात्र खटकली. यादीत सगळ्या फाइलींवर त्याच महिन्याच्या तारखा होत्या, आणि मागून लिहिलेल्या ‘माहेर’च्या आधी ‘साप’ येत होती.

“लिवलं आत्ता,” त्या म्हणाल्या. “पण झालं आत्ता कुठं?”

मी सांगितलं, ही तारीख फाईलला शेवटचा हात लागला तेव्हाची आहे, पण ती बदलता येते. त्यांना ते खरं वाटेना. मग टचच्या पुढं डी लावून, त्याच्या पुढं अवतरणात वर्ष, महिना, दिवस लिहून दाखवलं. ‘साप’ तीन दशकं मागं गेली. आतलं एक अक्षर हललं नाही, फक्त बाहेरची तारीख बदलली. त्यांनी फाईल उघडून मजकूर सगळा आहे का ते दोनदा तपासलं, मग मान हलवली.

तेव्हापासून त्यांचा नेम ठरला. आधी लिहायचं, मग तारीख लावायची. एकदा नावात वेलांटी चुकली आणि जुन्या फाईलची तारीख बदलायच्या ऐवजी नवीच रिकामी फाईल जन्माला आली, कारण सापडली नाही तर टच नवी करून टाकते. त्यावर मी त्यांना सी लावायला सांगितलं. सी लावली की टच असलेल्या फाईललाच हात लावते, नवी करत नाही. पुढं त्या ती न विसरता लावू लागल्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘माझा जन्म’ या फाईलला. कागदोपत्री सासूबाईंचा जन्म एक जूनचा. त्यांच्या बहिणीचा एक जूनचा, भावाचा एक जूनचा, आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा एक जूनचा. शाळेत नाव घालायला नेलं की हेडमास्तर पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि एक जून लिहून टाकायचे. मराठवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

“म्हंजे हेडमास्तरांनी मला टच करून ठेवलंय,” त्या म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.

त्यांच्या आईनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की तू पोळ्याच्या दिवशी झालीस, बैल सजवायला बाहेर नेले आणि इकडं माझ्या पोटात दुखायला लागलं. वर्ष मामाच्या लग्नावरून ठरलं. मग आम्ही दोघींनी मिळून त्या वर्षीचा पोळा कोणत्या तारखेला पडला होता ते इंटरनेटवरच्या पंचांगात शोधलं. माझ्या मनात एक शंका होती. ही यंत्रं काळ मोजतात तो एकोणीसशे सत्तर सालापासून, आणि सासूबाई त्याच्या कितीतरी आधीच्या. पण आमच्या लॅपटॉपनं उलटं मोजून ती तारीख निमूट घेतली. यादीत ‘माझा जन्म’ सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेजारी फोन करून सांगितलं की माझा वाढदिवस यंदापासून पोळ्याला.

आमच्याकडं फाईलची तारीख मागं नेता येते, ही खबर फिरत फिरत निलंग्याकडं गेली. तिथं माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ राहतात. शेती करतात, ऊस आहे, माणूस तसा सरळ. मी त्यांना काका म्हणते. एक दिवस ते एसटीनं लातूरला आले. जेवण झालं, पान झालं, मग त्यांनी पिशवीतून पेनड्राईव्ह काढला. त्यात एक संमतिपत्र टाईप केलेलं होतं. त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा बांधावरून तंटा चालू होता. बांध कुठून जायचा हे दोघांचं तोंडी ठरलं होतं, असं काकांचं म्हणणं. आता भाऊ ते नाही म्हणत होता. तर ते पत्र आत्ताच टाईप केलेलं असलं तरी दोन वर्षांपूर्वी केलंय असं कॉम्प्युटरमध्ये दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“भाऊजी, मी तारखा लावते त्या माझ्यासाठी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “साप निघाला तवाची तारीख सापाला. ते पत्र दोन वर्सांखाली झालंच न्हाई. त्याला कुठली तारीख लावू?”

काका म्हणाले, वहिनी, ठरलं तर होतं. खोटं कुठं आहे. सासूबाई म्हणाल्या, ठरलं असेल. मग ठरलं तेव्हा कोण कोण होतं ते सांगा, त्यांना बोलवा.

मला वाटलं, काकांना हे नुसतं तोंडी पटणार नाही. मी पेनड्राईव्हवरचं पत्र त्यांच्यादेखत लॅपटॉपवर घेतलं, टचनं त्याची तारीख दोन वर्षं मागं नेली, आणि काकांचा चेहरा खुलला. मग मी दुसरी एक आज्ञा दिली. स्टॅट. ती फाईलच्या सगळ्या नोंदलेल्या वेळा उघड्या करते. पडद्यावर चार ओळी आल्या. दोन ओळींत दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. बाकीच्या दोन ओळींत आजची, आत्ताची, मिनिटासकट. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. तिथं ‘बर्थ’ असं लिहिलं होतं.

“हिचा जन्म आजचाच दाखवून राहिलंय की,” त्या म्हणाल्या. “आन् ते टचला बदलता येत न्हाई?”

मी म्हटलं, टचला येत नाही. आणखी आडवाटा असतात, यंत्राचं घड्याळच मागं फिरवणारे लोकही असतात. मला त्या वाटा माहीत आहेत. पण मी त्या वापरणार नाही, आणि काका, तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका, कारण बघणाऱ्याला शोधायचं असेल तर ते सापडतं. हे मी आवाज न चढवता सांगितलं. माझ्या धंद्यात फाईलवरच्या तारखेवर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही, आणि हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं दुसरं फार थोडं ठाऊक आहे.

लॅपटॉपवरची ती फाईल मी त्यांच्यासमोरच पुसून टाकली आणि पेनड्राईव्ह परत दिला. काकांनी तो घेतला, चहाला नको म्हणाले आणि मिळेल त्या बसनं निघून गेले. सासूबाईंना वाईट वाटलं असणार. दीर म्हणून त्यांचा या माणसावर जीव होता, सासरे गेले तेव्हा तोच धावून आला होता. दिवाळीला काका आले नाहीत. संक्रांतीनंतर मात्र त्यांचाच फोन आला. दोघा भावांनी मिळून सरकारी मोजणी मागवली होती, दगड रोवले गेले होते. काका समजत होते त्याच्या अलीकडं बांध निघाला आणि धाकटा सांगत होता त्याच्या पलीकडं. दोघंही थोडे थोडे नाराज होते, आणि त्यामुळंच एकमेकांशी बोलायला लागले होते. फोन ठेवता ठेवता त्यांनी वहिनींना विचारलं, तुमच्या सापाची गोष्ट मला पाठवता का.

त्यामुळं नवऱ्यानं एका रविवारी आईच्या सगळ्या फाइली एका पेनड्राईव्हवर घेतल्या, दुकानाशेजारी छापून आणू म्हणाला. तिथल्या यंत्रावर त्यानं त्या तारखेप्रमाणं लावल्या आणि गोंधळून मला फोन केला. आईचं बालपण, आईचं लग्न, आईचं ट्रेनिंग सगळं एकोणीसशे ऐंशीच्या एक जानेवारीला झालेलं दिसत होतं. मी त्याला सांगितलं की पेनड्राईव्हला ऐंशीच्या आधीचं जगच माहीत नाही, त्याआधीचं काही दिलं तर तो ते सगळं पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतो. घरच्या लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी होतं, काळजीचं काही नव्हतं. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा हेडमास्तर एक जूनच्या ऐवजी एक जानेवारीवाला दिसतोय. नवऱ्यानं हातानं क्रम लावून ती पानं छापून आणली. काकांसाठी एक प्रत निलंग्याच्या बसच्या कंडक्टरजवळ दिली.

ती छापलेली पानं चाळताना माझ्या लक्षात आलं की एका पानावर नुसतं वर नाव आहे आणि खाली कोरं. नाव होतं ‘भूकंप’. लॅपटॉपवर बघितलं तर फाईलवर त्र्याण्णव सालची ती तारीख लावलेली होती, जी आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असते, आणि आकार शून्य. तेव्हा सासूबाई औसा तालुक्यात एका उपकेंद्रावर होत्या. त्या काळाबद्दल त्या घरात कधी बोलत नाहीत. नवरा त्या वेळी लहान होता, आजोळी होता, आणि आई बरेच दिवस घरी आली नाही एवढंच त्याला आठवतं.

दुपारी त्या नेहमीसारख्या येऊन बसल्या, छापलेल्या पानांच्या चुका पेननं नीट करत. कोऱ्या पानावर आल्या आणि थांबल्या. मग स्वतःच म्हणाल्या, हे लिहायला बसते आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही. एवढी माणसं गेली. कुणापासून सुरू करू.

मी म्हटलं, आई, तुम्ही नर्स होतात. तुमच्या हातनं काय झालं तेच लिहा.

त्या दोन दिवस लॅपटॉपकडं फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बसल्या त्या दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत. मी माझं काम करत होते, मधून त्यांच्या कळांचा आवाज येत होता, एकेक, सावकाश. संपल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

त्यांनी पडलेल्या घरांबद्दल लिहिलंच नव्हतं. शाळेच्या मैदानात लावलेल्या तंबूत एक बाई अडली होती, तिचं बाळंतपण लिहिलं होतं. उपकेंद्राची भिंत पडून सगळं सामान आत गाडलं गेलं होतं. मदतीला आलेल्या एका न्हाव्यानं कोरं ब्लेड दिलं. चहावाल्याच्या किटलीत ते ब्लेड आणि शिवणाचा दोरा उकळून घेतला. आडोशाला चार बायका लुगडं धरून उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीचं घरातलं कुणी उरलं नव्हतं, आणि तिनंच शेवटपर्यंत हात ढळू दिला नाही. मुलगी झाली. रडली तेव्हा मैदानातली माणसं उठून उभी राहिली. तिथं मजकूर संपत होता.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

मग त्यांनी लॅपटॉप परत आपल्याकडं ओढला. लिहिल्यामुळं फाईलवर आजची तारीख आली होती. त्यांनी टच लिहिलं, सी लावली, डी लावली, आणि तारीख घातली. मला वाटलं त्या भूकंपाची तारीख परत लावतील. पण त्यांनी ती मुलगी जन्मली त्या दिवसाची लावली.

“आता नाव बदलायचं कसं?” त्यांनी विचारलं.

मी दुसरी आज्ञा सांगितली, एम आणि व्ही. आधी जुनं नाव, मग नवं. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली, मग एका बोटानं टाईप केली. ‘भूकंप’ हे नाव गेलं आणि त्या जागी ‘तंबूतली मुलगी’ आलं. यादी मागवून त्यांनी ते नीट बघितलं, लॅपटॉप मिटला आणि उठल्या. नवरा यायची वेळ झाली होती, भाकरी टाकायच्या होत्या. उद्या ‘कानडी बोलणारी शेजारीण’ पुरी करायची आहे, कानडी शब्द मराठीत कसे लिहितात ते बघून ठेव, असं त्या स्वयंपाकघरातून मला सांगत होत्या.